गावोगावची दुकानं, एकच कर्ज : ‘बॉन-टन’बद्दल वाचकांचे प्रश्न

अमेरिकेतली ‘बॉन-टन’ ही डिपार्टमेंट स्टोअरची साखळी २०१८ च्या ऑगस्टअखेर बंद झाली. सुमारे २६० दुकानं होती आणि सुमारे २३ हजार माणसं कामाला होती. तिच्याबद्दल आणि अशा दुकानांच्या पैशाच्या गणिताबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आम्ही मिलवॉकीत राहतो. आमच्याकडे दुकानाची पाटी ‘बोस्टन स्टोअर’ अशी होती, माझी बहीण आयोवात ‘यंकर्स’मध्ये जायची आणि शिकागोतले लोक ‘कार्सन्स’ म्हणायचे. बंद मात्र सगळी एकाच दिवशी जाहीर झाली. ही दुकानं नक्की कुणाची होती?
— वाचक, मिलवॉकी (विस्कॉन्सिन)

सगळी एकाच मालकाची होती, पण मूळची नव्हती. बॉन-टनची सुरुवात १८९८ साली पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क या गावी झाली. मॅक्स ग्रुम्बाकर आणि त्यांचे वडील सॅम्युएल यांनी मार्केट स्ट्रीटवर एका खोलीत बायकांच्या हॅट्स आणि कापडचोपड विकायला सुरुवात केली. पुढची जवळपास नव्वद वर्षं कंपनी बेताबेतानेच वाढली. मोठ्या शहरांच्या वाटेला न जाता मध्यम गावांत दुकान काढायचं, जिथे तेच सगळ्यात मोठं दुकान ठरेल, अशी तिची रीत होती.

१९८७ मध्ये पेनसिल्व्हेनियातली पोमरॉइज ही दुकानं घेतली आणि १९९१ मध्ये शेअर बाजारात नाव लागलं. १९९४ मध्ये बफेलोतली ‘अ‍ॅडम, मेल्ड्रम अँड अँडरसन’ ही पेढी आणि अ‍ॅलनटाउनच्या ‘हेसेस’ची २० दुकानं घेतली. २००३ मध्ये ओहायोतल्या डेटनची एल्डर-बीरमन घेतली तेव्हा दुकानांची संख्या जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर २००६ मध्ये ‘सॅक्स’ कंपनीकडून एकदम १४२ दुकानं घेतली : शिकागोची कार्सन पिरी स्कॉट, पिओरियाची बर्गनर्स, तुमच्या मिलवॉकीचं बोस्टन स्टोअर, डे मॉइनची यंकर्स आणि मिनेसोटातल्या सेंट क्लाउडची हर्बर्गर्स.

पाट्या जुन्याच ठेवल्या, आणि हा निर्णय शहाणपणाचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शिकागोतल्या ‘मार्शल फील्ड्स’ची पाटी उतरवून ‘मेसीज’ची लावली गेली, तेव्हा तिथली गिऱ्हाइकं रस्त्यावर उतरून निषेध करत होती. बॉन-टनने तसं होऊ दिलं नाही. पाटीच्या मागे मात्र सगळं एक केलं. खरेदी, जाहिरात, गोदामं आणि हिशेब यॉर्क आणि मिलवॉकी अशा दोन मुख्य कचेऱ्यांतून चालत. म्हणूनच वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळी नावं असली तरी कर्ज एकच होतं, आणि ते थकलं तेव्हा सगळ्यांचं शटर एकदम खाली आलं.

गावाशी नातं धरून ठेवणारी एक गोष्ट इथे नोंदवण्यासारखी आहे. ‘कम्युनिटी डेज’च्या वेळी गावातली शाळा, चर्च, प्राण्यांचा निवारा अशा संस्थांना दुकान कूपनची पुस्तिका देई. संस्था ती ५ डॉलरला विके आणि पाचच्या पाच डॉलर स्वतःकडे ठेवी. आत १० डॉलर सवलतीचं एक कूपन असे, शिवाय टक्क्यांत सूट देणारी कूपनं असत. विकत घेणाऱ्याचे पैसे पहिल्याच खरेदीत वसूल होत, संस्थेला निधी मिळे आणि दुकानात दोन दिवस गर्दी असे. दुकान गेल्यावर अनेक छोट्या संस्थांचं वर्षाचं एक ठरलेलं उत्पन्नही गेलं.

प्रश्न : आमच्या वर्गात सगळे म्हणतात की अशी दुकानं ऑनलाइन खरेदीने मारली. एवढंच कारण आहे का?
— वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, पुणे

नाही. ऑनलाइनने विक्री कमी केली हे खरं. पण विक्री कमी झालेलं दुकान आक्रसून जगू शकतं. बॉन-टनला आक्रसायची सोय उरली नव्हती. याचं कारण २००६ च्या खरेदीत आहे.

आधी दुकानाचा हिशेब पाहू. गिऱ्हाइकाने १०० डॉलर दिले की मालाची किंमत वजा जाता बॉन-टनकडे ढोबळ ३५ ते ३७ डॉलर उरत. पगार, भाडं, वीज आणि जाहिरात यांत ३२-३३ जात. दुकानाच्या नावाच्या क्रेडिट कार्डातून थोडी भर पडे. मग इमारती आणि फर्निचरचा घसारा. हे सगळं वजा करून जे हाती राही ते वाईट वर्षी शंभरामागे एक-दोन डॉलर, चांगल्या वर्षी जास्त. व्याज यातूनच द्यायचं.

आता कर्ज. सॅक्सला द्यायचे सुमारे १.१ अब्ज डॉलर जवळपास सगळे उसने घेतले होते. त्यातला एक तुकडा ५१ कोटी डॉलरच्या रोख्यांचा होता, व्याजदर सव्वादहा टक्के. म्हणजे या एका तुकड्याचंच वर्षाचं व्याज ५ कोटी २० लाख डॉलरच्या वर. शिवाय इमारती गहाण ठेवून काढलेलं २६ कोटी डॉलरचं कर्ज आणि मालावर उचललेलं खेळतं भांडवल होतं. सुरुवातीच्या वर्षांत सगळं मिळून व्याजाचा बोजा वर्षाला १० कोटी डॉलरच्या आसपास होता. सुमारे ३.४ अब्ज डॉलरच्या विक्रीवर हे प्रमाण शंभरामागे तीन डॉलर पडतं. तुमच्या लक्षात आलंच असेल, वाईट वर्षी उरत होते एक-दोन आणि द्यायचे होते तीन.

हे गणित जुळण्यासाठी विक्री वाढायला हवी होती. खरेदीला दोन वर्षं होतात न होतात तोच २००८ ची मंदी आली. नफ्याचं शेवटचं आर्थिक वर्ष २०१० ठरलं आणि त्यानंतर दरवर्षी तोटा. २०१६ पर्यंत विक्री २.६ अब्जांच्या घरात आली. कर्जाची मुदत संपत आली की नवं कर्ज काढून जुनं फेडायचं, असं दोनदा-तीनदा झालं. व्याजात गेलेला पैसा दुकानांची डागडुजी, नवे दिवे, ट्रायल रूम, वेबसाइट आणि घरपोच माल यांना मिळायला हवा होता. तो मिळाला नाही. मिलवॉकीच्या उपनगरातच मुख्यालय असलेल्या ‘कोल्स’ने मॉलबाहेर, पार्किंगला लागून एकमजली दुकानं काढली होती. त्यांना उत्तर द्यायला हाती पैसा हवा.

शिकागोच्या स्टेट स्ट्रीटवरची कार्सन्सची इमारत हे याचं सगळ्यात दुखरं उदाहरण. लुई सलिव्हन यांनी आखलेली ती वास्तू वास्तुशास्त्राच्या अभ्यासकांना जगभर माहीत आहे. कोपऱ्यावरच्या गोलाकार दाराभोवती बिडाच्या ओतकामात पानाफुलांची इतकी दाट नक्षी आहे की जवळ गेल्यावर धातू आहे हे विसरायला होतं. खरेदीनंतर वर्षभरातच, २००७ च्या सुरुवातीला, ते दुकान बंद केलं गेलं. अनेक मजल्यांच्या जुन्या इमारतीचा खर्च कर्जात बुडालेल्या मालकाला परवडत नव्हता. २०१२ मध्ये तिथे ‘टार्गेट’ या साखळीचं दुकान आलं. याचा अर्थ जागा निकामी झाली नव्हती, गिऱ्हाईकही होतं.

कूपनांबद्दलही सांगायला हवं. दर आठवड्याला कूपन आलं की छापील किमतीवर कुणी विश्वास ठेवत नाही. गिऱ्हाईक सेलची वाट पाहतं, दुकान छापील किंमत आणखी वर नेतं, आणि कूपन नसलेल्या आठवड्यात दुकान ओस पडतं. ही सवय एकदा लावली की सोडवता येत नाही. २०१२ मध्ये ‘जेसी पेनी’ने एका फटक्यात कूपनं बंद केली, तेव्हा त्यांची वर्षाची विक्री चौथ्या हिश्शाने घसरली होती.

प्रश्न : अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला तरी कंपनी चालू राहते असं वाचलं आहे. मग बॉन-टन अडीच महिन्यांत कशी संपली?
— वाचक, नाशिक

अमेरिकी दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ११’ खाली केलेला अर्ज म्हणजे धनकोंपासून मिळालेली सवड. त्या सवडीत दुकान चालवायला रोख लागते. बॉन-टनची रोख अर्जाच्या आधीच आटली होती, आणि ती कशी आटते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मोठी दुकानं बहुधा याच वाटेने जातात.

दुकान माल उधारीवर घेतं, पैसे ३० ते ६० दिवसांनी देतं. बँक त्या मालावर उचल देते. समजा खरेदी किमतीने १०० डॉलरचा माल आहे. तो घाईने विकावा लागला तर खर्च वजा जाता ९० हाती येतील असा मूल्यमापकाचा अंदाज असेल, आणि बँक त्याच्या ९० टक्के देत असेल, तर ८१ डॉलर उचल मिळते. माल उधार आला आहे तोवर दुकानाने एक डॉलर न देता ८१ हातात घेतले. आता पुरवठादार घाबरला आणि म्हणाला, ‘रोख द्या, मगच ट्रक पाठवतो.’ दुकान १०० मोजतं आणि बँकेकडून ८१ उचलतं. प्रत्येक शंभराच्या मालामागे १९ डॉलर खिशातून. खिसा रिकामा असेल तर माल कमी मागवायचा. माल कमी म्हणजे बँकेची उचल कमी, मांडण्या अर्ध्या रिकाम्या आणि विक्रीही कमी.

पुरवठादार घाबरतो तो बहुतेक वेळा स्वतः नाही, त्याच्या फॅक्टरमुळे. फॅक्टर म्हणजे पुरवठादाराची बिलं विकत घेऊन त्याला लगेच पैसे देणारी पेढी. फॅक्टरने ‘या दुकानाची नवी बिलं घेणार नाही’ असं सांगितलं की एका आठवड्यात शेकडो पुरवठादार एकदम हात आखडतात. बॉन-टनने १५ डिसेंबर २०१७ ला देय असलेला १ कोटी ४० लाख डॉलरचा व्याजाचा हप्ता चुकवला. तो ३५ कोटींच्या आठ टक्क्यांच्या रोख्यांचा सहामाही हप्ता होता. नाताळच्या ऐन हंगामात हप्ता चुकला, याचा अर्थ बाजाराला लगेच कळला.

४ फेब्रुवारी २०१८ ला डेलावेअरच्या न्यायालयात अर्ज झाला. कागदावर मालमत्ता १.५८ अब्ज डॉलर, देणी १.७४ अब्ज. इथे कायद्यातला एक बदल फार महागात पडतो. २००५ च्या दुरुस्तीनंतर भाड्याच्या जागा ठेवायच्या की सोडायच्या, हे न्यायालयाची मुदतवाढ धरूनही २१० दिवसांत ठरवावं लागे. त्यापुढे घरमालकाची संमती लागे. संपूर्ण माल विकून जागा रिकाम्या करायला तीन-चार महिने लागतात. म्हणून मालावर उचल देणाऱ्या बँका पहिल्या दोन-तीन महिन्यांतच ‘खरेदीदार आणा, नाहीतर विक्री काढा’ असा तगादा लावतात.

खरेदीदार येण्याच्या बेतात होते. डीडब्ल्यू पार्टनर्स, मॉलमालक नामदार आणि वॉशिंग्टन प्राइम यांच्या गटाने दुकानं चालू ठेवण्याचा प्रस्ताव दिला होता. तपासणीच्या खर्चापोटी त्यांनी ५ लाख डॉलर मागितले, ते द्यायला न्यायालयाने नकार दिला आणि गट मागे सरला. लिलावात दुसऱ्या क्रमांकाच्या तारणाचे (बँकांनंतर तारणावर हक्क असलेले) रोखेधारक आणि ग्रेट अमेरिकन व टायगर या माल निकाली काढणाऱ्या दोन कंपन्या यांची ७७ कोटी ५५ लाख डॉलरची बोली मंजूर झाली. २० एप्रिलच्या सुमाराला ‘स्टोअर क्लोजिंग’चे फलक लागले.

प्रश्न : आमचा टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे, अमेरिकेतल्या दुकानांना माल जातो. असं दुकान बुडालं तर आमचे पैसे मिळतात का? आधी काय खबरदारी घ्यावी?
— निर्यातदार, सोलापूर

तारीख हातात धरून हिशेब करा. अर्जाचा दिवस हा शून्य दिवस.

अर्जाच्या आधीच्या २० दिवसांत खरेदीदाराच्या हाती पडलेल्या मालाचे पैसे दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५०३(ब)(९) खाली वरच्या रांगेत येतात. बॉन-टनसाठी ही मुदत १५ जानेवारी २०१८ पासून सुरू झाली. त्यापूर्वी पोचलेल्या मालाचं येणं सर्वसाधारण धनकोंच्या रांगेत जातं, आणि बँका व रोखेधारक पुढे असताना त्या रांगेला फार थोडं मिळतं.

‘हाती पडणं’ म्हणजे काय, यावर निर्यातदारांच्या बाजूचा एक महत्त्वाचा निकाल आहे. तुमचा व्यवहार एफओबी न्हावाशेवा असेल, म्हणजे त्या बंदरात जहाजावर चढवून देईपर्यंतच माल तुमच्या जबाबदारीवर असेल, तर जहाजावर चढताच मालाची जोखीम खरेदीदाराकडे जाते. पण २०१७ मध्ये ‘थर्ड सर्किट’ या विभागीय अपील न्यायालयाने ठरवलं की २० दिवस मोजायचे ते माल प्रत्यक्ष ताब्यात आल्यापासून, बंदरावर जहाजात चढल्यापासून नाही. डेलावेअर त्याच न्यायालयाच्या कक्षेत येतं. जहाजाला महिनाभर लागतो हे लक्षात घेतलं तर या निकालाने अनेक कंटेनर २० दिवसांच्या आत येतात. म्हणून पोचपावती, गोदामात उतरल्याची नोंद आणि ट्रकची तारीख जपून ठेवा. बिल ऑफ लेडिंगवरची, म्हणजे माल जहाजावर चढवल्याच्या पावतीवरची, तारीख इथे पुरत नाही.

माल अजून जहाजावर किंवा वाहतूकदाराच्या ताब्यात असेल तर त्याच दिवशी फॉरवर्डरला (माल पोचवण्याची व्यवस्था पाहणाऱ्या एजंटला) लेखी कळवून डिलिव्हरी थांबवा. तो हक्क विक्रेत्याला आहे, पण माल गोदामात शिरला की संपतो. आधीच्या ४५ दिवसांत पोचलेला माल परत मागण्याचीही तरतूद आहे. मात्र बँकेचं तारण त्या मालावर आधीपासून असल्याने हाती सहसा काही येत नाही. तिच्यासाठी वकिलावर फार खर्च करू नका.

उलटी बाजूही आहे, ती लोकांना धक्का देते. अर्जाच्या आधीच्या ९० दिवसांत जुन्या बिलांपोटी तुम्हाला मिळालेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. बॉन-टनसाठी ही मुदत ६ नोव्हेंबर २०१७ पासून. बचाव दोन : पैसे नेहमीच्याच रीतीने, नेहमीच्याच दिवसांत आले, किंवा ते आल्यानंतर तुम्ही आणखी माल उधार दिला. नेहमी ५५ व्या दिवशी पैसे देणारा खरेदीदार एकाएकी तुमच्या तगाद्यामुळे १० व्या दिवशी द्यायला लागला, तर पहिला बचाव कोसळतो. आगाऊ घेतलेल्या पैशाला ही अडचण नाही, कारण त्यात जुनं येणंच नसतं.

खबरदारी म्हणाल तर माल पाठवण्याआधी ईसीजीसीकडून (निर्यातीच्या पैशाचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीकडून) त्या खरेदीदाराच्या नावाची मर्यादा मंजूर करून घ्या आणि मर्यादेबाहेर एकही कंटेनर काढू नका. पैसे थकल्याचं कळवण्याची मुदत पॉलिसीत असते, ती चुकली तर दावा अडतो. दुकानाच्या नावाने खास छापलेला किंवा विणलेला माल असेल तर निम्मी रक्कम आगाऊ किंवा लेटर ऑफ क्रेडिट (खरेदीदाराच्या बँकेची पैशाची हमी) घ्या. तो माल दुसऱ्या कुणाला विकायचा तर लेबल काढण्याचा खर्चच नफा खातो. शिवाय न्यायालयाने ठरवलेल्या तारखेच्या आत दाव्याचा फॉर्म भरा. अमेरिकेतल्या एजंटने ‘मी बघतो’ म्हटलं तरी स्वतः खात्री करा.

प्रश्न : दुकान बंद होत असताना लागणाऱ्या सेलमध्ये खरेदी करावी का? गिफ्ट कार्डाचं काय?
— वाचक, न्यू जर्सी

गिफ्ट कार्ड पहिल्याच दिवशी वापरा. ते स्वीकारण्याची मुदत आठवड्यांत मोजण्याइतकी असते. मुदत गेल्यावर तुम्ही धनकोंच्या रांगेत उभे राहता.

सेलच्या पहिल्या दोन आठवड्यांत घाई करू नका. कूपनं बंद झालेली असतात आणि सूट छापील किमतीवर मोजली जाते, त्यामुळे ‘३० टक्के सूट’ नेहमीच्या सेलपेक्षा महाग पडू शकते. चांगला भाव उतरत उतरत येतो, पण तोवर नेमके माप संपलेले असतात. परत घेण्याची सोय नसते, तेव्हा मिक्सर किंवा कॉफी मशीन खोका उघडून तिथेच तपासा. माल निकाली काढणाऱ्या कंपन्या बाहेरचा हलका मालही मधे मिसळतात. ओळखीच्या ब्रँडचं लेबल नसेल तर जपून. रॅक, आरसे आणि कपडे घालायचे पुतळेही शेवटी विकले जातात, छोट्या दुकानदारांना ते स्वस्तात मिळतात.

प्रश्न : माझी कापडाची तीन दुकानं आहेत. शेजारच्या तालुक्यातलं एक चालतं दुकान विकायला आहे, बँक कर्जही देते आहे. बॉन-टनची हकिगत वाचून धाकधूक वाटते. घ्यावं का?
— दुकानदार, सांगली

दुसऱ्याचं दुकान घेणं चुकीचं नाही. बॉन-टनने १९८७ ते २००३ पर्यंत घेतलेली दुकानं पचली. पेनसिल्व्हेनियातच रेडिंगची ‘बॉसकॉव्ह्ज’ ही तशीच प्रादेशिक साखळी आहे. तिनेही २००५-०६ मध्ये एकदम १० दुकानं घेतली आणि २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. पण तिचा आकार लहान होता. निवृत्त झालेले अल्बर्ट बॉसकॉव्ह परत आले, १० दुकानं बंद केली आणि कुटुंबाने कंपनी सोडवून घेतली. ती आजही चालू आहे. कर्ज आवाक्यात असेल तर चूक दुरुस्त करायला जागा राहते.

म्हणून वाईट वर्षाचा हिशेब आधी मांडा. समजा त्या दुकानाची विक्री २ कोटी, मालाची किंमत वजा जाता २५ टक्के, म्हणजे ५० लाख उरतात. भाडं, पगार आणि वीज मिळून ३२ लाख. हाती १८ लाख. कर्ज ६० लाख, ११ टक्क्यांनी, सात वर्षांचं : पहिल्या वर्षी व्याज ६ लाख ६० हजार आणि मुद्दल सुमारे ८ लाख ६० हजार, एकूण १५ लाख २० हजार. जमतंय असं वाटतं. आता विक्री १५ टक्क्यांनी घसरली असं धरा. उरतात साडेबेचाळीस लाख. खर्च फार तर एक लाखाने उतरेल. हाती साडेअकरा लाख आणि द्यायचे १५ लाख २० हजार. ही ३ लाख ७० हजारांची तूट जुनी तीन दुकानं दोन वर्षं भरून काढू शकत असतील तरच पुढे जा. नसतील तर ४० लाखांहून जास्त कर्ज घेऊ नका, बाकी रक्कम विकणाऱ्याला हप्त्याने द्यायचं ठरवा.

मालाची मोजणी स्वतः उभं राहून करा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल खरेदी किमतीच्या निम्म्याने धरा, दोन दिवाळ्या पाहिलेला माल शून्याने. भाडेकरार तुमच्या नावावर किती वर्षांसाठी होईल हे लेखी घ्या. आणि विकणाऱ्याच्या वह्या पाहण्याआधी इचलकरंजी, भिवंडी आणि सुरतेतल्या त्याच्या व्यापाऱ्यांना फोन लावा : त्याला किती दिवसांची उधारी देता, वर्षापूर्वी किती देत होता? नव्वद दिवसांवरून तीसवर किंवा रोखीवर आणलं असेल, तर दुकान चालतं आहे हे विकणाऱ्याचं म्हणणं धरून चालू नका.